अडीच तासांचं पुणं

चंदीगड, २२ मे १९८४

ताई,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यात माझं नाव नाही, विश्वासचं नाव नाही, खाली तुझी सहीसुद्धा नाही. वाण्याला पाठवायच्या चिठ्ठीत याहून जास्त माया असते. ‘निशीला शाळा उघडायच्या आत पोचती करा.’ करा! मला तू कधीपासून अहो-जाहो करायला लागलीस?

रागाव हवं तेवढं. दिवाळीत मी लिहिलं की तिचं चौथीचं वर्ष इथंच पुरं होऊ दे, तेव्हा तू उलट टपाली लिहिलंस, ‘ठेवायला दिली होती, देऊन टाकली नव्हती.’ ते वाक्य मला पाठ झालंय. भाजी चिरताना आठवतं. भावजी गेले, तुझं नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं, मग रात्रपाळ्या. सहा वर्षांची पोर तू कुणाच्या जिवावर सोडणार होतीस? मी घेऊन आले. आम्हाला मूलबाळ नाही म्हणून आणली असं तुझ्या सासरचे म्हणाले, त्यांना मी कधी उत्तर दिलं नाही. आता तुला दिवसपाळी मिळाली, क्वार्टर मिळालं, तुझी मुलगी तुला हवी. बरोबरच आहे. मी कधी नाही म्हटलं?

तिला न्यायला यायचं तिकीट तू काढलं होतंस आणि ते मी रद्द करायला लावलं, हाही तुझा राग. पण विचार कर ना. मे महिन्यातला दोन रात्रींचा प्रवास, एकटी बाई, आणि पंजाबातून रोज कुठली ना कुठली बातमी येतेय. हे सगळं कशासाठी? विश्वासचं वायुदलाचं मालवाहू विमान दर पंधरवड्याला पुण्याला, लोहगावला जातं. तो नेव्हिगेटर. विमानाच्या नाकातल्या काचेत बसून वाट दाखवायची, हे त्याचं काम. त्याला झोपेतून उठवून विचार, पुणं किती लांब? म्हणेल, अडीच तास. आमची सगळी वसाहत अशीच बोलते. आग्रा पाऊण तास, लेह तासाभरावर, पुणं अडीच. मैल-बिल कुणी विचारत नाही. रेल्वेचं आरक्षण करायला रांगेत उभं राहणारा माणूस आमच्या गल्लीत सापडायचा नाही.

तर दोन जूनच्या फेरीत निशी येते. साहेबांची परवानगी मिळाली आहे. तिचे फ्रॉक धुऊन इस्त्री करून ठेवले आहेत. तू दुपारी लोहगावच्या फाटकाशी ये.

विनया

चंदीगड, ३ जून

ताई,

काल निशी आली नाही, हे तुला माझ्या आधी कळलंय. तू फाटकाशी किती वेळ उभी राहिलीस कुणास ठाऊक. फेरी रद्द झाली. विश्वास परवापासून तळावरच आहे. तिथली विमानं कशासाठी उडताहेत ते तो सांगत नाही, मी विचारत नाही.

तार करायला सतरा सेक्टरच्या मोठ्या पोस्टात निघाले होते, तर चौकातल्या जवानानं स्कूटर वळवायला लावली. कर्फ्यू. टेलिफोन मेलाय. गाड्या बंद, बस बंद, टपाल बंद. आजवर मला वाटायचं चंदीगड म्हणजे चंदीगड आणि पंजाब म्हणजे पंजाब. आज नकाशा काढून बघितला तर दिल्लीची आमची सडक आणि रूळ दोन्ही पंजाबातूनच जातात. शहर एवढं रुंद, एवढं मोकळं, आणि बाहेर पडायला आपल्या मोरीएवढीही फट नाही.

हे पत्र पोस्टात पडणार नाही, ठाऊक आहे. तरी लिहितेय. कारण तू आत्ता काय म्हणत असशील ते मला स्पष्ट ऐकू येतंय: ‘आली बघा हिची नवी सबब.’ गेल्या उन्हाळ्यात कांजिण्या, त्याच्या आधी सिमला, आणि आता म्हणे कर्फ्यू! ताई, कांजिण्या खरंच आल्या होत्या.

निशी मजेत आहे. तिला शाळेला सुट्टी वाढल्यासारखं वाटतंय. पडदे ओढून घेतले आहेत, वीज असली की कूलर, नसली की ओला पंचा. दूध आलं नाही तेव्हा बाईसाहेब काळा चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, “माऊ, मैं बड़ी हो गई.” मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. तुला राग येईल म्हणून सांगत नव्हते.

विनया

चंदीगड, ५ जून

ताई,

घरात तिसरा दिवस. सकाळी दोन तास कर्फ्यूला ढील मिळाली तेव्हा बटाटे आणि मेणबत्त्या आणल्या. पुन्हा दार लावून घेतलं. वरून हेलिकॉप्टर जातं तेव्हा भांडी हलकेच वाजतात.

विश्वास काल घरी आंघोळीला आला होता. डोळे लाल, बोलायला तयार नाही. पण निशी मागे लागली म्हणून त्यानं जुना नकाशा जमिनीवर पसरला, पट्टी दिली आणि तिच्याकडून चंदीगड ते पुणं मोजून घेतलं. मग अंतराला विमानाच्या वेगानं भागायला लावलं. चुकली, खोडलं, परत भागलं. आलं उत्तर. अडीच तासांच्या जरा आतच.

ती उत्तराकडे बघत बसली. मग काकाला म्हणाली, “बस? पिक्चर भी तो तीन घंटे की होती है.” आणि माझ्याकडे वळून, “माऊ, फिर आई आती क्यों नहीं?”

मी सांगितलं, आईला दवाखान्यातून सुट्टी मिळत नाही. विश्वास नकाशाची घडी घालत होता, त्यानं वर बघितलं नाही. ती म्हणाली, “इतवार को भी नहीं?” मग पत्ते खेळायला बसली आणि मला सलग चार डाव हरवलं.

तिकडची शाळा तेरा तारखेला उघडते ना? रस्ते उघडतील तोवर. उघडायलाच हवेत.

विनया

चंदीगड, ८ जून

ताई,

आज मन थाऱ्यावर नाही, अक्षर लागलं नाही तर सोडून दे.

शेजारच्या ग्रेवालांची परमजीत तुला आठवत असेल. मी लिहिलं होतं, स्वेटरचे नमुने शिकवणारी. तिचा नवरा विश्वासच्याच तुकडीत आहे. तिचं माहेर तरणतारनच्या बाजूचं, तिथं तिची आई एकटी असते. रेडिओवर अमृतसरला सुवर्णमंदिरात लष्कर शिरल्याचं सांगितलं तेव्हापासून ही बाई जेवलेली नाही. आज मागच्या दारानं आमच्याकडे आली, वेताच्या मोढ्यावर बसली, आणि मी चहा ठेवला तर म्हणाली, “रहने दे. तू मुझे ये बता, तेरी दीदी कितनी दूर है?”

मी सवयीनं म्हटलं, “ढाई घंटे.”

“मेरी बीजी बस से पाँच घंटे. बस से, विनया! टिफ़िन गरम का गरम पहुँच जाए.” आणि मग रडायलाच लागली. “जब रास्ता खुला था तब गई नहीं मैं. सोचती थी, पास ही तो है, कभी भी चली जाऊँगी. अब पता नहीं बीजी है भी के नहीं.”

मी तिचा हात धरून बसले. माझा नवरा आणि तिचा नवरा एकाच विमानात बसतात, आणि तिच्या गावाकडे काय चाललंय ते विचारायची दोघींची छाती होत नाही. तिनं ओढणीनं नाक पुसलं आणि निशीकडे बघून म्हणाली, “इसकी माँ भी मेरी बीजी जैसी ही बैठी होगी, दरवाज़े पे.” निशी पत्ते पिसत होती. ती म्हणाली, “नहीं आंटी, मेरी आई को आना होता तो आ जाती. ढाई घंटे का तो रास्ता है.”

ताई, किती सहज म्हणाली! राग नाही, रडू नाही. पाऊस पडला तर जमीन भिजते, तसं.

आता खरं लिहिते. तीन वर्षं ही पोर असंच समजून आहे. इथल्या सगळ्या मुलांसारखी ती वाढली. कुणाचे वडील सकाळी जोरहाटला जातात आणि दुसऱ्या दिवशी पेरू घेऊन परत येतात. सहा वर्षांची असताना मी तिला आणली ती पण विमानातूनच, माझ्या मांडीवर झोपलेली. रेल्वेगाडीत ती जन्मात बसलेली नाही. आपली आई दोन रात्री बसून, तीन ठिकाणी गाडीची वाट बघून, रजेसाठी मेट्रनच्या पाया पडून तेव्हा कुठे येऊ शकते, हे तिला कुणी सांगितलं नाही. मला सांगता आलं असतं. गेल्या वर्षी तू तिकीट काढलंस तेव्हा मी कांजिण्यांचं निमित्त करून तुला थांबवलं. कांजिण्या तोवर बऱ्या झाल्या होत्या. यंदा विमानाचं निमित्त केलं. दोन्ही वेळा तिला कळूही दिलं नाही की आई निघाली होती. आई येत नाही म्हणून ती झोपताना माझ्या कुशीत जास्त शिरायची, आणि मला ते हवं होतं.

आणखी एक लिहून टाकते. कर्फ्यू लागला त्या दिवशी स्कूटर वळवून घरी आले, दार लावलं, आणि मला बरं वाटलं. बाहेर माणसं मरताहेत आणि मला बरं वाटलं.

विनया

चंदीगड, १२ जून

ताई,

आज आमच्या घरात कुणी कुणाशी बोलत नाही.

विश्वास दुपारी आला तो हसत. उद्या सकाळी त्याचं विमान लोहगावला जातंय, निशीसाठी जागा मिळाली. एकटीसाठीच; मला नाही. “पिशवी भर, जेवायच्या वेळेला ताईंच्या घरी असेल,” म्हणाला. तेरा तारीख, शाळेचा पहिला दिवस. सगळं जमून आलं होतं.

मी म्हटलं, नको. ती विमानानं जाणार नाही. मी तिला रेल्वेनं नेणार.

त्यानं आधी मला ताप आहे का बघितलं. खरंच, कपाळाला हात लावला. मग त्याचा आवाज चढला. तुला तो मवाळ वाटतो, पण या दिवसांत त्यानं जे बघितलं असेल ते त्याच्या आवाजात होतं. “रस्त्यावर काय चाललंय तुला कल्पना आहे? गाड्या कालपरवा सुरू झाल्यात, त्याही मोजक्या. अडीच तासांत पोचतेय तर पोरीला दोन दिवस उन्हात का भाजतेस?”

मी म्हटलं, “तिला कळू दे किती लांब आहे ते.”

“ते तिला नकाशावर दाखवलंय मी.”

“नकाशावर वीतभर आहे, विश्वास.”

मग तो बोलला ते सांगते, कारण तूही हेच म्हणशील. तो म्हणाला, “विनया, तुला ती द्यायचीच नाहीये. रोज नवं काहीतरी काढतेस.” आणि तळावर निघून गेला. जेवण झाकून ठेवलं होतं, तसंच आहे.

तो खोटं बोलला असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. दोन दिवस जास्त मिळतील, तिचं डोकं मांडीवर असेल, हा लोभ मनात आहेच. पण उद्या ती विमानानं आली, तर अडीच तासांनी तुझ्यासमोर उभी राहील, आणि ही बाई एवढ्याशा वाटेवरून तीन वर्षं मला भेटायला आली नाही, असंच मनात धरून तुझ्या घरात वावरेल. मी मागून पत्रानं खरं काय ते लिहीन, तू तोंडानं सांगशील, ती मान डोलावेल. तिला ते पटायचं नाही. मी तिला ओळखते.

आता तू उद्या शाळेच्या वेळेला दाराशी असशील आणि ती येणार नाही. तू मला काय काय म्हणशील ते म्हण. वकिलाकडे गेलीस तरी जा. परवा इथल्या तीन कुटुंबांना लष्कराच्या गाडीतून अंबाल्यापर्यंत सोडताहेत, त्यांच्याबरोबर आम्ही दोघी निघतो. दिल्लीहून तार करेन. परमजीतला सांगून आले. तिच्या बीजींचा निरोप काल एका जवानाच्या तोंडून आला, जिवंत आहेत. तिनं आम्हाला वाटेसाठी मेथीचे पराठे आणि लोणचं बांधून दिलंय, आणि मला म्हणाली, “जा, छोड़ के आ.”

विनया

झेलम एक्सप्रेस, १६ जून

ताई,

गाडी हलतेय, त्यामुळे अक्षर असं. टपाल सुरू झालंय, पण ही सगळी पत्रं आता मी पोस्टात टाकत नाही, तुझ्या हातातच देते. तार मिळाली असेल तर तू स्टेशनवर असशीलच.

अंबाल्याला आम्ही एक अख्खी रात्र फलाटावर काढली. निशीला आधी गंमत वाटत होती. ट्रंकेवर बसून पाय हलवत होती, इंजिनाचा भोंगा वाजला की कानात बोटं. पहाटे तिनं विचारलं, “पुणे आ गया?” दिल्लीची गाडीच आली नव्हती अजून. दिल्लीत झेलमला आरक्षण नव्हतंच, कुठून असणार? आम्ही आयुष्यात केलं असेल तर ना! साताऱ्याकडे निघालेल्या एका सुभेदारांच्या बायकोनं, नलिनीबाई त्यांचं नाव, सरकून आम्हाला बाकावर जागा दिली. दिवसभर खिडकीतून भट्टीसारखा वारा. सुरईतलं पाणी संपलं. ग्वाल्हेरला नळापर्यंत पळत गेले तर गाडी हलली, निशी दारात उभी राहून माझ्या नावानं किंचाळली. मी चढले, पण त्यानंतर तिनं मला कुठल्याच स्टेशनवर उतरू दिलं नाही. झाशीपाशी तिला उलटी झाली. ‘और कितना, माऊ, और कितना,’ हे किती वेळा झालं ते विचारू नकोस. मी दर वेळी खरं तेच सांगितलं. अजून अर्धीही वाट झाली नाही म्हणून सांगितलं.

भोपाळ गेल्यावर जरा गार झालं. ती माझ्या मांडीवर पडली होती, डोळे उघडे. मग म्हणाली, “माऊ, आई ऐसे ही आती?”

“हो. अशीच.”

“अकेली?”

“एकटी.”

“तो इसलिए नहीं आई?”

इथं मला सुटता आलं असतं, ताई. हो म्हटलं असतं की झालं. वाट लांब होती म्हणून आई आली नाही. तू निर्दोष, मीही निर्दोष, पोर खूश. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, “नाही. आई तरीसुद्धा येणार होती. दोनदा तिनं तिकीट काढलं. दोन्ही वेळा मी तिला येऊ नको म्हणून कळवलं.”

“क्यों?”

“तू जाशील म्हणून.”

ती उठून बसली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आपली चादर ओढून घेतली आणि समोरच्या बाकावर नलिनीबाईंच्या पलीकडे जाऊन बसली. त्या बिचाऱ्या मला खुणेनं विचारत होत्या, काय झालं?

तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. भुसावळला केळी घेतली, ती माझ्या हातून घेतली नाही. नलिनीबाईंनी दिली तेव्हा खाल्ली. रात्री मी जागीच होते. ती झोपेत रडत होती, मी पांघरूण घालायला उठले तर तिनं हात झटकला. झोपेत होती की जागी, कळलं नाही. ताई, मला रडू आवरत नव्हतं. संडासात जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

तू मला माफ कर म्हणून मी हे लिहीत नाही. ती माझ्यावर रागावली आहे, तुझ्यावर नाही, एवढंच तुला कळावं. तिच्या मनातली तू आता न आलेली आई नाहीस. तुला मीच येऊ दिलं नव्हतं. मला देण्यासारखं एवढंच होतं, आणि ते विमानातून पाठवता येत नव्हतं.

पुण्याला उतरल्यावर मी तुझ्या घरी येणार नाही. रात्रीच्या गाडीनं परत निघेन. विश्वासला मी असं टाकून आलेय, आणि त्याला सध्या रात्री झोप लागत नाही. तू घरी बोलावशील म्हणून थांबणार नाही, आणि नाही बोलावलंस तर वाईटही वाटून घेणार नाही. यातलं दुसरं खोटं आहे, पण राहू दे.

दौंड गेलं. नलिनीबाई तिला म्हणाल्या, “आई स्टेशनवर येणार ना? मग जरा नीटनेटकी हो बाळ.” तेव्हापासून ती खिडकीच्या काचेत बघून स्वतःच वेणी घालतेय. आजवर कधी घातली नव्हती, मीच घालायचे. पेड निसटताहेत, रिबीन दातात धरलीय, एक बाजू वर आणि एक खाली झालीय. मी हात पुढे केला नाही.

तू फलाटावरच ती वेणी सोडून परत घाल. भांग मधोमध पाड, आणि कानामागचे केस हळू ओढ, तिथं तिला दुखतं.

विनया